श्रीयुत अभ्यासक्रम, गासला कधी येताय?

श्रीयुत बी.एस्सी. भूशास्त्र अभ्यासक्रम यांस,

मुक्काम गास, तालुका वसई.

पत्र थेट तुम्हालाच लिहितो आहे. प्राध्यापक निवृत्त होतात, कुलगुरू बदलतात, मुलं तीन वर्षांत निघून जातात, तुम्ही मात्र जागचे हलत नाही. इतकी वर्षं खडकांच्या संगतीत काढून तुम्ही त्यांचा स्वभाव उचललात. पण खडक निदान झिजतात तरी.

तुमच्या हाताखालून निघालेला पदवीधर शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत खनिजांचं काठिण्य घडाघडा सांगतो. शिवालिकचे थर क्रमाने लिहितो. त्याला आमच्या वाडीतल्या विहिरीच्या काठावर उभं करा आणि विचारा, मे महिन्यात हे पाणी मचूळ का होतं? तो गप्प बसतो. दोष त्याचा नाही. तुम्ही त्याला विहिरीपर्यंत आणलंच नाही.

वास्तविक उत्तर अकरावीच्या गणिताने सुटेल इतकं सरळ आहे. किनाऱ्याजवळच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड. त्या फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे 40 मीटर असतं. म्हणजे उपशाने पातळी 1 मीटरने उतरली, की कालांतराने खालून 40 मीटर गोडं पाणी गेलं. घायबेन आणि हर्झबर्ग यांचा हा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे. केळी, पानवेली आणि भाजीपाल्याच्या वाड्या ज्या पाण्यावर उभ्या आहेत, त्याचं सगळं भवितव्य या एका गुणोत्तरात आहे. आणि बऱ्याच ठिकाणी तुम्ही भूजल ठेवता शेवटच्या वर्षी, ऐच्छिक विषयाच्या कोपऱ्यात.

वसईच्या जुन्या लोकांनी बावखलं, म्हणजे छोटी तळी, खोदली, ती हेच पाणी धरून ठेवायला. पावसाळ्यात भरायची, मग सावकाश जमिनीत मुरायची, शेजारची विहीर गोड राहायची. आता त्यातल्या कितीतरी बावखलांवर भराव पडला. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी टँकरच्या उपशाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा वाडीवाल्यांकडे अनुभव होता, संताप होता. पण अशा लढ्यात विहिरींच्या अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. क्षारता किती वाढली, कुठल्या महिन्यात, भरतीशी तिचा संबंध काय, हे कागदावर लागतं. त्या वह्या भरायला तुमच्या विद्यार्थ्यांइतकं योग्य कोण होतं?

पुराचंही तेच. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्यात बसलं, लोकल बंद पडल्या, मिठागरातली कुटुंबं अडकली. त्यानंतर कारणं शोधायचं काम नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्याकडे गेलं. चांगलंच झालं. पण सनसिटी-गास रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली जातो, ते खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल जमिनीच्या, उतार-चढावाचं गणित आहे. कुठे भराव पडला, पाणी कुठून वळलं, भरतीच्या वेळी नाला उलटा वाहतो का, हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला मोजता आलं पाहिजे. तिला लेव्हल लावता यावी, नकाशे एकावर एक ठेवता यावेत, पावसाच्या आकड्यांवर दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिता यावा.

क्षेत्रभेटीला तुम्ही मुलांना बसने लांब नेता. इथे दाराशी काय नाही? शेजारचं सोपारा हे एके काळचं बंदर. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. त्या बंदराच्या खाड्या गाळाने भरत गेल्या. किनारा दोन हजार वर्षांत कसा सरकतो, हे शिकायला याहून चांगली जागा शोधून दाखवा. पूर्वेला तुंगारेश्वरचा बेसाल्ट. पुढे वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. उत्तरेला डहाणू-तलासरी, जिथे नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि माणसं थंडीत घराबाहेर झोपली. वाढवणला 76 हजार कोटींचं बंदर येतंय, त्यासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव. इतकं सगळं एका जिल्ह्याच्या आसपास असताना तुमचा विद्यार्थी नमुन्यांच्या पेटीतले क्रमांक पाठ करतो.

पदवीचा अभ्यासक्रम कसा असावा, हे ठरवायला अमेरिकेत जानेवारी 2014 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात भूशास्त्र शिकवणारे एकत्र जमले, पुढे नोकऱ्या देणाऱ्यांनाही विचारलं गेलं. त्यातून शेरन मोशर आणि ख्रिस्तोफर कीन यांनी संपादित केलेला अहवाल 2021 मध्ये आला. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट: आधी ठरवा, पदवीधराला काय करता आलं पाहिजे, मग तिथून मागे येत विषय लावा. तुमची रचना नेमकी उलटी. आधी विषयांची यादी, मग श्रेयांक, मग तास, आणि मुलाला काय करता येतं हा प्रश्न मुलाखत घेणाऱ्याच्या टेबलावर सोडून दिलेला.

म्हणून खनिजशास्त्र काढून टाका असं मी अजिबात म्हणणार नाही. हातात भिंग न धरलेला, नतिमापक न लावलेला भूशास्त्रज्ञ संगणकावर रंगीत नकाशे काढेल आणि चुकीचे काढेल. क्षेत्रकामाचे तास कापून सॉफ्टवेअरचे तास वाढवणाऱ्यांनाही माझा तेवढाच विरोध आहे. दोन्ही का लागतात, याचं एक उदाहरण. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निसार हा रडार उपग्रह गेला. माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, त्याला त्या दिवशी बरोबर 11 वर्षं झाली होती. निसार दर 12 दिवसांनी तीच जमीन पाहतो, तिची सेंटिमीटरभर हालचाल टिपण्यासाठीच तो बनवला आहे. ती हालचाल म्हणजे खचणारा डोंगर की भातखाचरातला ओलावा, हे मात्र त्या उतारावर चढलेल्या माणसालाच कळेल. दोन्ही शिकवा, एकाच विषयात, एकाच सत्रात.

नव्या शैक्षणिक धोरणाने तुमची सबब काढून घेतली आहे. चौथं वर्ष आहे, क्षेत्रप्रकल्प आहे, भारतीय ज्ञान प्रणालीसाठी श्रेयांक आहेत. बावखल त्यात बसतं. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक विहीर द्या. दर महिन्याला पातळी आणि क्षारता मोजायची, सलग, पदवी मिळेपर्यंत. नोंदी ग्रामस्थांना आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला द्यायच्या, मराठीत. शेवटची तोंडी परीक्षा विहिरीवर घ्या आणि परीक्षकांत त्या वाडीच्या मालकिणीला बसवा. तिला उत्तर समजलं नाही, तर गुण कापा.

पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीआधी या. नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरा आणि रिक्षाने गासला या. पावसाळ्यात आलात, तर रस्त्यावर पाणी किती आहे ते मोजायची पट्टी सोबत आणा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
गासचा एक रहिवासी