फ्रेंच सायकलीचं गोत्र

माझं नाव पुढे येऊ देऊ नका, पण आमच्या खाप्यात एका भल्या माणसाच्या घरात फ्रेंच सायकल शिरली आहे. अंगणात नव्हे, थेट बैठकीत! अंगणात दव पडतं, गंज चढतो म्हणे. गृहस्थ पेन्शनर गुरुजी आहेत; एवढं पुरे. जन्मभर ज्या हर्क्युलसवरून शाळेत गेले ती गोठ्याच्या भिंतीला टेकून भिजते आहे, आणि ही सिंहछाप प्यूजो जाजमावर उभी. आली कुठून, यावर पानठेल्यावर दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो पाँडिचेरीहून; १९५४ साली फ्रेंचांनी तिथला कारभार सोडला, तेव्हा सायकली काय डोक्यावर घेऊन जाणार होते? दुसरा म्हणतो, जावयानं पुण्याहून आणून दिली. जावयावर खापर फोडणं केव्हाही सोपं, त्यामुळे सध्या दुसऱ्या पक्षाची सरशी आहे.

आता सायकलीचं कौतुक खाप्याला नवं नाही. कन्हानकाठचं हे विणकरांचं गाव. सुताचे गठ्ठे सायकलीवरून आले, लुगड्यांच्या घड्या सायकलीवरून गेल्या, गुमगावच्या मँगनीज खाणीतली पाळी सायकलीनं गाठली. पण गुरुजींना ती चालवायचीच नाही हो! त्यांना ती ‘पिरियड-करेक्ट’ करायची आहे. म्हणजे ज्या साली ती कारखान्यातून निघाली, त्या सालचंच पायडल, त्या सालचीच घंटी, त्या सालचाच दिवा. साल चुकलं की सगळं मुसळ केरात. पोरांच्या जन्मतारखा वहिनींना विचाराव्या लागतात, पण हबचं साल गुरुजींना तोंडपाठ.

हे खूळ पुण्याकडचं, यात मला तरी शंका नाही. तिथं कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली जुन्या सायकलींचं संग्रहालयच उघडलं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए तिथं आहे. पाहायला गेलेला माणूस वरवर शहाण्यासारखा परत येतो. पण त्यानंतर रविवार-बुधवार आला की त्याचे पाय आपोआप जुन्या बाजाराकडे वळतात आणि तो भंगारवाल्यापुढे उकिडवा बसून स्क्रू हुंगू लागतो.

यातल्या यात इंग्रजी सायकलवाले सुखी. रॅलेच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा गिअर असेल तर हबवर महिना आणि साल ठोकलेलं असतं; पत्रिका पाठीवर घेऊनच बाई सासरी आली. पण पत्रिकेपेक्षा गोत्राची भानगड मोठी. स्वातंत्र्यानंतर सेन-रॅले कंपनी आसनसोलला याच नावाच्या सायकली बनवू लागली. त्यामुळे आजवर नॉटिंगहॅमची म्हणून दसऱ्याला हार घातलेली रॅले निघते बंगालची! सासऱ्यानं लग्नात विलायती सांगून देशी गळ्यात मारली, हे ६० वर्षांनी नातवाच्या भिंगाखाली उघड होतं. सासरा स्वर्गात, आजोबा स्वर्गात, भांडायचं कोणाशी?

फ्रेंचांची तर तऱ्हाच न्यारी. जगाचं माप एक, यांचं दुसरं. गुरुजी सायकल घेऊन आमच्या मिस्त्रीकडे गेले तेव्हा अर्धं गाव काम टाकून जमलं होतं, म्हणून आम्हीही गेलो. मधल्या एक्सलची उजवी कटोरी काढायची होती. आपल्याकडच्या सायकलीत ही कटोरी उलट्या आट्याची. मिस्त्रीनं सवयीप्रमाणे उलटा पाना फिरवला. कटोरी सुटायची सोडून आणखी घट्ट बसली. त्यानं पान्याला पाइप लावून जोर दिला, तशी ती हट्टालाच पेटली. तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, “फ्रेंच सायकलीला दोन्हीकडे सरळच आटे असतात.” मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिला. “हे आधी काहून नाही सांगितलं, गुरुजी?” तर म्हणे, “मला वाटलं, तुला ठाऊक असेल.” आणि गंमत म्हणजे, सरळ आट्यामुळे ही उजवी कटोरी चालता चालता आपोआप ढिली होते, अशी तिची जगभर बदनामी आहे. हवी तेव्हा निघत नाही, नको तेव्हा सुटते!

मग पायडल. आपलं पायडल ९/१६ इंचाचं, म्हणजे १४.३ मिलिमीटरच्या आसपास. फ्रेंच पायडल नेमकं १४. फरक केसाएवढा, पण आपलं तिथं शिरणार नाही. मिस्त्रीसाठी हे काम पाच मिनिटांचं. टॅप मारला, नवे आटे पाडले, देशी पायडल बसवलं, चला चहा प्यायला. त्यानं टॅप हातात घेतला मात्र, गुरुजी असे काही किंचाळले की शेजारच्या पिठाच्या गिरणीतून बाया बाहेर आल्या. “क्रँकला हात लावू नको!” हँडलचा दांडा २२ मिलिमीटरचा, आपला २२.२. मिस्त्रीनं कानस उचलली, गुरुजींनी तिच्यावर झडप घातली. शेवटी मिस्त्रीनं हात पुसले आणि भर चौकात निकाल दिला, “गुरुजी, दुरुस्त करायची असंल तर आना. जुनी करायची असंल तर पावसात ठेवा.”

आमचा जीव तुटतो तो या मिस्त्रीसाठी. सुटा भाग मिळत नाही म्हणून त्याच्या दुकानातून कोणी सायकल ढकलत गेला नाही. हिरोचं पायडल ॲटलसला, ॲटलसचा चिमटा हर्क्युलसला, कॅरिअर तुटलं तर लोखंडी पट्टी वाकवून त्याचं कॅरिअर. या जोरावर दूधवाला पहाटे निघाला आणि पोरं शाळेत पोचली. आता गुरुजींच्या पंथात या सगळ्याला भेसळ म्हणतात.

आणि जे अस्सल, ते चांगलं असतं म्हणावं, तर तेही नाही. १९६०च्या दशकात सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीनं गिअर बदलायचं यंत्र डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकचं केलं. कालांतरानं त्याला तडे गेले. अमेरिकेतल्या शहाण्या मिस्त्र्यांनी ते फेकून जपानी सनटूरचं बसवलं, ते मुकाट चालत राहिलं. आता शौकीन लोक हे चालणारं जपानी यंत्र काढतात आणि चांगले पैसे मोजून ते तडकणारं फ्रेंच प्लॅस्टिक परत लावतात! सांगा बरं, सगळे भाग मूळचेच राहिले अशी सायकल कोणती? जी कोणी फारशी चालवलीच नाही ती. जी राबली तिचं टायर बदललं, सीट बदलली, चेन बदलली. म्हणजे बक्षीस आळशी सायकलीला आणि खाणीत पाळ्या करून आली ती बाद. शाळेत एवढी वर्षं उद्योगाचे धडे शिकवून गुरुजींनी हा निष्कर्ष काढावा?

वर नियतीचा विनोद बघा. पुण्या-मुंबईच्या शौकिनांना विचारून दमलेल्या गुरुजींना एक वस्तू मात्र खाप्यातच मिळाली. त्यांच्या प्यूजोची चाकं निघाली फ्रेंच ७०० बी मापाची, म्हणजे ६३५ मिलिमीटर. आणि आपल्या डंडा ब्रेकवाल्या सायकलीचं २८ बाय दीडचं टायर? तेही ६३५! दूधवाल्याचं टायर फ्रेंच मडमेला चपखल बसलं. गुरुजींना आनंद व्हावा की नाही? नाही. “माप बरोबर आहे, पण टायरवर लुधियाना लिहिलंय,” म्हणून दोन दिवस जेवले नाहीत, असं वहिनींनी आमच्या हिला सांगितलं. वहिनी विचारलेलं कधी वाढवून सांगत नाहीत. स्वतःहून सांगतात तेव्हाची गोष्ट वेगळी.

लागण आता पसरते आहे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला; तेव्हापासून दूधवालाही आपल्या ॲटलसकडे तिरक्या नजरेनं बघू लागला आहे. माळ्यावरचे डायनमो खाली उतरलेत. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या तेव्हाचे पितळी बिल्ले लोक देवघरातल्या डब्यांतून शोधताहेत. आणि ज्याच्यासाठी आमचा एवढा जीव तुटत होता, त्या मिस्त्रीचं काय? त्यानं गंजक्या सामानाचा डबा भंगारवाल्याला द्यायचा थांबवलाय. परवा मी त्यातली एक कॉटर पिन उचलून भाव विचारला, तर म्हणतो, “नवी पायजे तर दहा रुपये. ही पिरियडची हाय भाऊ, हिचे शंभर.”

तेव्हा घरात आजोबांची सायकल असेल तर आजच कुलूप लावा. सायकल कोणी नेणार नाही हो, घंटी जाईल!