पीएफभाऊ

आमच्या वाकडच्या सोसायटीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे पीएफभाऊ म्हणतात. खरं नाव विचारलं तर ते स्वतःही जरा थबकतात. पहिल्या कंपनीच्या पीएफ खात्यात त्यांचं आडनाव आधी आहे, दुसरीत वडिलांचं नाव गाळलंय, तिसरीत नुसती आद्याक्षरं आहेत आणि चौथीत कुणीतरी ‘राव’ चिकटवलाय. आधारवरचं नाव यांतल्या एकाशीही जुळत नाही. ‘‘सरकारदरबारी आम्ही चौघं भाऊ आहोत,’’ असं ते अभिमानाने सांगतात.

दर पाच-सहा वर्षांनी नोकरी बदलायची हा भाऊंचा नेम. पगार वाढला की घर एका खोलीने वाढतं आणि हप्ता दोन खोल्यांनी. पीएफ तेवढा जुन्या कंपनीत राहतो. 2014 मध्ये यूएएन आला, म्हणजे माणसाला नोकरीभर एकच क्रमांक. भाऊंनी दोन मिळवले. भोसरीच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा यांची नोकरी सोडल्याची तारीख कुणी भरलीच नाही. ‘‘कंपनी गेली, मालक गेला, पण कागदोपत्री मी अजून कामावर आहे,’’ हे सांगताना त्यांची कॉलर ताठ होते.

पहिल्या नोकरीचा पीएफ मात्र त्यांनी चपळाईने काढला होता. फॉर्म 19 भरला, सोबत 10सी भरला आणि दारात पल्सर आणून उभी केली. 10सीबरोबर पेन्शनची तेवढी वर्षंही गेली, हा साक्षात्कार पन्नाशी दिसू लागल्यावर झाला. तेव्हापासून ते ज्याला त्याला पेन्शनचं सूत्र ऐकवतात : पंधरा हजार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. वीस वर्षांचे महिना 4,285. ‘‘मेंटेनन्स सुटेल,’’ ते म्हणतात, ‘‘जेवायचं काय ते बघू.’’

गृहकर्ज हा त्यांचा दुसरा आवडता विषय. 2021 मध्ये कर्ज घेतलं तेव्हा रेपो दर 4 टक्के होता. 2023 च्या फेब्रुवारीत तो 6.5 वर गेला, आणि बँकेने हप्ता थोडा वाढवून मुदत भरपूर वाढवली. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, कर्जमुक्ती त्याच्या बरीच पुढे. मग भाऊंनी वही काढली. पीएफचं व्याज 8.25 टक्के, कर्जाचं त्याहून जास्त; तेव्हा पीएफ काढून कर्ज फेडावं. वही भरत आली तोवर 2025 उजाडलं, रेपो घसरला आणि कर्ज पीएफपेक्षा स्वस्त झालं. म्हणजे पीएफला हात लावू नये. भाऊंनी नवी वही आणली. या सगळ्या काळात ना पीएफ हलला, ना कर्ज. हलल्या त्या वह्या.

शेवटी वहिनींनी एका रविवारी लॅपटॉप ओढून घेतला. नावं दुरुस्त करायला अर्ज टाकले. नोकरी सोडल्याची तारीख सभासदाला स्वतःच भरता येते हे शोधून काढलं आणि भोसरीतून नवऱ्याला अधिकृतपणे मुक्त केलं. दोनाचा एक यूएएन झाला. मधल्या काळात अर्ज दोनदा परत आले, वहिनींनी तिसऱ्यांदा पाठवले. होता होता सगळी शिल्लक चालू खात्यात गोळा झाली.

पासबुक उघडून भाऊ बराच वेळ बघत राहिले.

‘‘एवढेच? चार ठिकाणी होते तेव्हा जास्त वाटत होते गं.’’

‘‘अहो, सगळे आहेत त्यात,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘पल्सरवरून गेले तेवढे सोडून.’’

भाऊ काही बोलले नाहीत. संध्याकाळी पार्किंगमध्ये भेटले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, ‘‘हिंजवडीत एक ऑफर आहे. पंचवीस टक्के वाढवून देतायत. थ्री बीएचके साधारण कितीला पडतो हो?’’