साहेब आले नाहीत का?

स्वहस्ते संगणक जुळविणाऱ्या स्त्रियांचा जो एक वर्ग अलीकडे आपल्या शहरांतून उदयास आला आहे, तो प्रथमदर्शनी ओळखू येत नाही; कारण मंडईत घेवडा पारखताना वहिनींच्या मुद्रेवर जी निर्विकार चिकित्सा दिसते, तीच लॅमिंग्टन रोडवर (सरकारदप्तरी याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण त्या नावाने पत्ता विचारणारा बहुधा पोचत नाही) मदरबोर्ड पारखतानाही कायम असते.

वहिनी आपली मागणी मुद्देसूद मांडतात: बी६५० चिपसेटचा बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, ७५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस. दुकानदार ती अदबीने ऐकून घेतो आणि त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहत विचारतो, "साहेब गाडी पार्क करतायत का?" साहेब आलेले नाहीत, आणि त्यांचा येण्याचा मानसही नाही, याची खातरजमा झाल्यावर तो एक गुलाबी लॅपटॉप पुढे सरकवतो व रॅम जास्त असली म्हणजे फोटो जास्त मावतात, हे शास्त्र समजावून सांगू लागतो. वहिनी ते शेवटपर्यंत ऐकतात. मग "हा प्रोसेसर या बोर्डावर बायॉस अपडेट न करता चालेल ना?" एवढेच मृदू स्वरात विचारतात, आणि दुकानदार माळ्यावरच्या पोऱ्याला हाक मारतो.

ज्या एएमडी कंपनीचे गुणगान तो तोंड भरून करीत असतो, तिचा सर्व कारभार २०१४ पासून लिसा सू नावाच्या विदुषी पाहतात, आणि १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिआक या महाकाय गणकयंत्राची आज्ञावली रचणाऱ्या सहाही जणी स्त्रियाच होत्या, हे वहिनींना ठाऊक असते. परंतु भाव अद्याप ठरावयाचा असल्याने हे ज्ञान त्या प्रकट करीत नाहीत.

पुढल्या खेपेस त्या यजमानांना बरोबर नेतात. यजमानांचे संगणकविषयक ज्ञान चालू करण्याच्या बटणापाशी सुरू होऊन तेथेच समाप्त होते. तथापि किंमत ऐकून कपाळाला आठ्या घालण्याची मुखत्यारी त्यांना दिलेली असते आणि ती ते इमानाने बजावतात. दुकानदार सर्व निवेदन त्यांनाच उद्देशून करतो, ते माना डोलावतात, आणि बाराशे रुपये कमी होतात.

जुळणीचा दिवस शनिवार. जेवणाचे टेबल पुसून कोरडे केल्यावर वहिनी हातांतल्या बांगड्या काढून ठेवतात आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला क्षणभर बोट लावतात. सवाष्णीचे रिकामे हात पाहून चुलतसासूबाई हळहळतात, सासूबाई मात्र, "पिना वाकल्या तर बोर्ड तुम्ही भरून देणार का?" असे विचारून ते प्रकरण दाखल होण्यापूर्वीच निकालात काढतात. सॉकेटमधल्या १७१८ बारीक पिनांवर, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून, वहिनी प्रोसेसर नुसता ठेवतात, दाबत नाहीत. नंतर कडी खाली ओढताना जो करकर आवाज येतो, तो शंभरदा ऐकलेल्या माणसाचाही श्वास अडकवतो. थर्मल पेस्ट मोहरीएवढी लावावी की वाटाण्याएवढी, यावर या पंथात स्मार्त-भागवतांइतका जुना वाद आहे. वहिनी वाटाणापंथी आहेत.

शेवटी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला पुतण्या, "काकू, तुम्ही राहू द्या, वायर मी लावतो," म्हणून पुढे येतो. बटण दाबताच पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळा! सर्वांच्या नजरा वहिनींकडे वळतात. अंगचे ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर बसविला असताना चिरंजीवांनी मॉनिटरची वायर मदरबोर्डाला जोडलेली असते. वहिनी ती काढून ग्राफिक्स कार्डात खोचतात आणि चहा टाकायला उठतात.

महिनाभराने दुकानदाराचा यजमानांना फोन येतो. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल की नाही, याविषयी त्याला साहेबांचा सल्ला हवा असतो. साहेब फोनवर हात ठेवून विचारतात, वहिनी लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात, आणि "साहेब, या लाइनीत तुमचा हात कोणी धरणार नाही!" ही प्रशस्ती साहेब विनयपूर्वक स्वीकारतात. वहिनी मात्र त्याच फोनवर, त्यांच्याच तोंडून, एक टीबीच्या एसएसडीमागे पाचशे रुपये सोडवून घेतात.