पहिल्या पायरीचे गृहस्थ

खगोलशास्त्राच्या प्रत्येक विभागात असा एक गृहस्थ असतोच. बाकीचे कृष्णविवरं शोधतात, दीर्घिकांच्या टकरी बघतात, वर्तमानपत्रात फोटो छापून आणतात. हा पट्टी तपासतो. "विश्व प्रसरण पावतंय," असं कुणी म्हटलं, की हा विचारणार, "अंतर कशावरून काढलंत?"

आमच्या ओळखीतल्या नमुन्याला सगळे काका म्हणतात. काकांचं दैवत हेन्रिएटा लेव्हिट. हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाच्या फोटोंच्या काचा तपासणाऱ्या या बाईंनी १९१२ साली लहान मॅगेलनी मेघातले २५ तारे घेऊन दाखवलं, की सेफीड तारा जितका सावकाश फुगतो-आकसतो, तितका तो मुळात तेजस्वी. म्हणजे त्याचे ठोके मोजा, खरं तेज कळेल. दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघा, अंतर हाती येईल. इथे आपण टाळी देतो. काका नेमके इथेच अडतात. मेघातला कुठला तारा कुणापेक्षा किती तेजस्वी, ते कळलं. पण त्यातल्या एकाचं तरी खरं तेज कोण सांगणार? त्यासाठी आपल्या जवळपासचे सेफीड गाठून त्यांचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ते जागचे किती सरकल्यासारखे दिसतात ते, मोजायला हवा; तारा जितका दूर, तितका तो कमी. काकांची उभी हयात अंतरांच्या शिडीच्या या पहिल्या पायरीवर गेली. लोक अतिनवतारे घेऊन शिडीच्या टोकाला पोचलेसुद्धा. हे अजून खालून शिडी हलवून बघताहेत.

चूक सापडली की मात्र काका खुलतात. सेफीड दोन जातींचे असतात आणि आपण त्यांची गल्लत केली, असं १९५२ साली रोमच्या परिषदेत वाल्टर बाडे यांनी सांगितलं आणि देवयानी दीर्घिका एका दमात दुप्पट लांब गेली. हा किस्सा काका घरच्या माणसाचा पराक्रम असल्यासारखा सांगतात. ताऱ्यांचे पराशय मोजायला सोडलेल्या गाया उपग्रहावर तर त्यांचा विशेष जीव. क्वासार इतके दूर, की त्यांचा पराशय शून्यच यायला हवा; पण गायाच्या २०२० सालच्या आकड्यांत तो सरासरीने शून्याच्याही किंचित खाली निघाला. "म्हणजे अनंताच्याही पलीकडे!" असं म्हणून काका खुशीत दुसरा चहा मागवतात. उलट, हबल दुर्बिणीने घेतलेली सेफीडांची मापं जेम्स वेबने बरोबर ठरवली, तेव्हा ते बरेच दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते सांगणारा हबल स्थिरांक सेफीडांच्या वाटेने ७३ च्या आसपास येतो, विश्वाच्या आद्य प्रारणावरून ६७ च्या. दोन्ही पक्षांना काका आपले वाटतात. काकांना दोघांचाही संशय येतो.

पुतणीच्या लग्नात भर दुपारी गुरुजींनी नवरानवरीला उत्तरेकडे बोट दाखवून ध्रुवाचं दर्शन घ्यायला सांगितलं. काका पुढे सरसावले. "गुरुजी, ध्रुव हाही सेफीडच बरं का! दर चार दिवसांनी धडधडतो. आणि त्याच्या अंतराबद्दल तज्ज्ञांचं अजून जमलेलं नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. गुरुजी उपरणं सावरत म्हणाले, "असू दे की. आम्ही फक्त दिशा दाखवतो. अंतराचं आम्ही कधी काही बोललोय का?"

आपल्या मापाची मर्यादा इतकी स्वच्छ सांगणारा माणूस काकांना एकाही परिषदेत भेटला नव्हता. पंगतीत ते हट्टाने गुरुजींच्या शेजारी बसले.