न सांगता पडणारा गिअर

न सांगता काम करणाऱ्याबद्दल आमच्या वाशीमकडे आधी शंका येते. कौतुक वाटतं ते फार उशिरा. जेवण झाल्यावर पाहुणा आपण होऊन ताट उचलून मोरीत ठेवू लागला, की यजमानाला वाटतं, याला उसने पैसे हवे असणार. खिडकीपलीकडचा साहेब आपण होऊन ‘या, बसा’ म्हणाला, की माणूस आधी खिसा चाचपतो. तेव्हा आपल्या मनानं गिअर बदलणारी मोटार गल्लीत आली, तर तिच्याकडे लोकांनी कोणत्या नजरेनं पाहिलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

खरं तर दुचाकीपुरता हा प्रश्न मराठी माणसानं केव्हाच मिटवून टाकला होता. 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली. तिला गिअर एकच, त्यामुळे बदलायची भानगडच नाही. 1984 साली कायनेटिकनं होंडाशी हातमिळवणी केली आणि गिअर नसलेली स्कूटर आली. बटण दाबायचं, मूठ पिळायची, निघायचं. तिच्या पोटात दोन पुल्यांवर एक पट्टा फिरतो आणि वेग वाढेल तसा पुलीचा व्यास आपोआप बदलत जातो. हीच युक्ती हॉलंडच्या डाफ कंपनीनं 1958 साली मोटारीत वापरली होती. त्या मोटारीला मागे जातानाही पुढच्याइतकाच वेग घेता येई, म्हणून डच लोकांनी पुढे चक्क उलट्या शर्यती भरवल्या. एकेरी रस्त्यावर उलटं घुसणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. शर्यत भरवायचं तेवढं कोणाला सुचलं नाही.

मोटारीत मात्र आपण दांड्याला धरून राहिलो. 2014 साली मारुतीनं सेलेरिओत एएमटी दिली, तेव्हा कुठे स्वस्तातल्या गाडीला ही चैन मिळाली. त्यातही गिअरबॉक्स नेहमीचाच आणि क्लचही नेहमीचाच. क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात एवढे दोन अवयव यंत्राचे. माझ्या मावसभावाची, म्हणजे दादाची, गाडी त्याहून जुन्या घराण्यातली, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी खरीखुरी ऑटोमॅटिक. डावा गुडघा कुरकुरू लागल्यावर त्यानं ती पुण्याहून सेकंडहँड आणली. त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. भागातल्या निम्म्या विहिरींवरचे पंप त्याच्या टेबलावर येऊन गेले असतील. आतून कशी चालते हे कळल्याशिवाय त्याला वस्तू आपली वाटत नाही.

गाडीचं दुखणं असं, की सकाळी ‘डी’त टाकल्यावर ती जरा विचार करायची आणि मग हिसका देऊन निघायची. अकोल्याहून परतताना पातूरच्या घाटात तर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी रेंगाळत चढायची. मोठ्या शहरातल्या एका गॅरेजनं बॉक्सच बदला म्हणून सांगितलं आणि जो आकडा काढून दिला, त्यात दादाला तसलीच दुसरी सेकंडहँड गाडी आली असती. दादानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. “बदलाची तं बदलू,” तो म्हणाला, “पन आंधी पायतो तं खरं, अंदर हाय काय!”

मला त्यानं टेबलफॅनवर समजावलं. दोन पंखे समोरासमोर ठेवायचे आणि एकच चालू करायचा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे हेच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्यावर आदळतं आणि गाडी निघते. मधे लोखंडाला लोखंड चिकटलेलं नसल्यामुळे गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनं 1905 च्या सुमारास काढली, तीही जहाजांसाठी. पुढे ओल्ड्समोबिल मोटारींच्या 1940 च्या मॉडेलांत तेलावर चालणारा हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला आणि महायुद्धात तो अमेरिकन रणगाड्यांतही बसला.

त्याहून गंमत गिअर ठरवण्याची. जुन्या ऑटोमॅटिकला कॉम्प्युटर नव्हता. एका छोट्या व्हॉल्व्हला एका बाजूनं ॲक्सिलरेटरप्रमाणे वाढणारा तेलाचा दाब रेटायचा आणि दुसऱ्या बाजूनं गाडीच्या वेगाप्रमाणे वाढणारा. वेगाची बाजू जिंकली की वरचा गिअर पडायचा. पाय जोरात दाबून ठेवला की त्याला वाट पाहावी लागायची. पुढे या भांडणात सोलेनॉइड आणि कॉम्प्युटर पडले. दादाच्या गाडीत ते आहेत. पण गिअर शेवटी तेलाच्याच दाबानं पडतो. तेल कमी झालं, जळलं किंवा गाळणी तुंबली, की ‘डी’ म्हटल्यावर लागणारा दाब तयार व्हायला वेळ लागतो. गाडी विचारबिचार काही करत नव्हती, दाबाची वाट पाहत होती.

काम काढलं ते सोयाबीनच्या दिवसांत. गावभर मळणीयंत्रं सुरू, हवेत भुसा, आणि या व्हॉल्व्हमध्ये बारीकसा कण गेला तरी तो अडकतो. दादानं पोर्चला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, फरशी दोनदा पुसली आणि पोरांना हद्दपार केलं. चिंधीलासुद्धा बंदी, कारण चिंधीचे धागे सुटतात. वहिनी दारातून बघत होत्या. मला म्हणाल्या, “भाऊजी, देवाले बी इतकं सोवळं नाई पाळलं हो यायनं कधी.”

ऑइल पॅनचे बोल्ट दादा एकेक करून सोडत होता आणि पुठ्ठ्यावर पॅनचं चित्र काढून जिथला बोल्ट तिथल्याच भोकात खोचत होता. पॅनचा एक कोपरा सैल झाला आणि तेलाच्या कापलेल्या पिंपात धार लागली. नवं ट्रान्समिशन ऑइल रूह अफजासारखं लाल असतं. हे काळपट तपकिरी होतं आणि त्याला करपलेला वास येत होता. पॅनच्या तळाला दोन छोटी लोहचुंबकं असतात. त्यांवर काजळासारखा राखाडी लेप साचला होता. दादानं तो बोटांत चोळला, उजेडात धरला, पुन्हा चोळला. लेप असला तर ती नेहमीची झीज. कपचे निघाले तर खेळ खलास. कपचे नव्हते. ताडपत्रीच्या आत पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्यानं श्वास सोडला.

शेजारचे काका एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. ताडपत्रीच्या फटीतून ते रोज पाहणी करत. “पान्यानं आवळून घे रे, मंग गळत नाई,” हा त्यांचा एकच आग्रह. पण पॅनचे हे बोल्ट जेमतेम करंगळीएवढे. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळणाऱ्या हातानं आवळले तर पॅन वाकतो आणि मग हमखास गळतो. दादानं त्यांना स्टूल दिलं, चहा दिला, पाना दिला नाही.

तेल मिळवणं हा वेगळाच अध्याय. पहिल्या दुकानदारानं पॉवर स्टिअरिंगचा डबा पुढे सरकवला. “लालच पायजे न तुमाले? हे घ्या, लाल हाय.” रंग लाल असला म्हणून चालत नाही. त्या बॉक्सला ज्या प्रतीचं सांगितलंय तेच लागतं, नाहीतर आतल्या क्लचच्या चकत्या नको तिथे घसरतात किंवा नको तिथे धरतात. शेवटी ते नागपूरहून मागवलं. पॅन उघडून सगळं तेल निघतही नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून निघालं तेवढं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत मोजायचं, तेवढंच नवं भरायचं, थोडे दिवस गाडी चालवायची आणि हे सगळं पुन्हा करायचं. काही गाड्यांना तर तेल तपासायची डिपस्टिकच देत नाहीत. हे तेल कधी बदलावं लागत नाही, असं पुस्तकात छापून मोकळे होतात. ते छापणाऱ्याला मे महिन्यात एकदा अकोल्याला आणून उभं करावं, असं माझं मत आहे.

या गाडीला डिपस्टिक होती. पण तिची पातळी इंजिन चालू, तेल गरम आणि गाडी अगदी सपाटीवर असतानाच खरी कळते. आमच्या गल्लीत सपाट अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे काकांचा आवाज. मग दादानं गवंड्याकडून लेव्हलची प्लॅस्टिकची नळी आणली, पाणी भरून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत धरली आणि मागच्या चाकांखाली फळ्या सरकवत गाडी समपातळीत आणली. घराची जोती अशी पाहतात हे ठाऊक होतं. उभ्या मोटारीची पाहिलेली मी प्रथमच बघत होतो.

सुधारणा म्हणून त्यानं एकच गोष्ट केली. गिअरबॉक्समधून गरम होऊन परत जाणारं तेल रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरवलं. त्यासाठी गरम तेल सोसणारा होस हुडकण्यात एक आठवडा गेला. साधी नळी चालत नाही, ती मऊ पडते. घाट चढताना तापणारं तेल हेच या बॉक्सचं मरण, त्यामुळे हा खर्च मला पटला. आतले क्लचपॅक मात्र उघडायचे नाहीत, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. मोटर भरणाऱ्या माणसाला कुठे थांबावं ते कळतं. जळालेली तार उलगडता येते, पण अंदाजानं गुंडाळता येत नाही.

गाडी सुरू झाली. ‘डी’त टाकताच निघाली. पातूरच्या घाटात तिनं ओरडायचं सोडून चढायला सुरुवात केली. वरून शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर नेली, तर शंभराच्या आसपास इंजिन चिडीचूप. तिथे कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच लागतो आणि दोन्ही बाजू एकत्र फिरू लागतात. मागे बसलेल्या काकांना मात्र हे सगळं संशयास्पद वाटत होतं. त्यांनी परतीच्या वाटेवर चालवायला मागितली.

काकांचा डावा पाय पस्तीस वर्षं एसटीच्या क्लचवर गेलेला. आमच्याकडच्या मालेगावच्या चौकात गाडी हळू करायची म्हणून त्यांनी सवयीनं तो पाय आडवा टाकला आणि होता नव्हता तेवढा जोर देऊन दाबला. तिथे क्लच नव्हता. होता तो ऐसपैस ब्रेक. आम्ही सगळे पुढे आलो, वहिनींची पिशवी पुढच्या सीटवर आली आणि मागच्या ॲपेवाल्यानं आमच्या खानदानाची चौकशी केली.

“याच्यात गडबड हाय,” काका शांतपणे म्हणाले.

दादानं त्यांना डावा पाय मांडीखाली घालून बसायला सांगितलं. एका पायावर गाडी चालवत काका वाशीमपर्यंत आले. वाटेत चारदा, गिअर पडल्याचं कळलं की मान हलवून “हां, पडला” असं म्हणत, जणू तो त्यांच्या हुकमानं पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या सुनेची स्कूटर दादाच्या दारात आणून लावली. चढावर ती ओढत नाही. आतले रोलर झिजलेले असणार, असं दादा म्हणतोय. काकांच्या मते तिला गिअर बसवून टाकावेत.