काठावरचे आप्पा

'काठावरचे' हे आप्पांचं आडनाव नव्हे. ती पेठेनं त्यांना दिलेली पदवी आहे. आप्पांचं भांड्यांचं दुकान कागलच्या बाजारात आणि वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या काठावर. ऊस बक्कळ पिको नाहीतर महापूर येवो, आप्पांचा आकडा एकोणचाळीस लाख ऐंशी-नव्वद हजारांवर येऊन ब्रेक लावतो. असा एक आप्पा बहुतेक प्रत्येक पेठेत असतो. कुठे तो कापड विकतो, कुठे हार्डवेअर, एवढाच फरक.

या ब्रेकचं कारण जीएसटी. १ जुलै २०१७ ला तो लागू झाला, तेव्हा वर्षाला २० लाखांवर उलाढाल गेली की नंबर घ्यावा लागे. १ एप्रिल २०१९ पासून फक्त माल विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात ही मर्यादा ४० लाख झाली. त्या दिवशी आप्पांनी पेठेत पेढे वाटले. लहान दुकानदाराच्या डोक्याला हिशेबाचा ताप नको म्हणून सरकारनं ही सूट दिली. आप्पांनी त्या सुटीचाच ताप करून घेतला.

रोज रात्री शटर ओढण्याआधी आप्पा चोपडीत निळ्या पेन्सिलीनं एकच शब्द लिहितात : 'उरले'. पुढं आकडा. दिवाळीत 'उरले १४,२०,०००' असतं, तेव्हा आप्पा गिऱ्हाइकाला चहा पाजतात. फेब्रुवारीत 'उरले २,६५,०००' होतं, तेव्हा पाणीसुद्धा विचारत नाहीत. नेमकी त्याच वेळी कारखान्याची ऊसबिलं सुटतात, लग्नं निघतात, लोक रोकडा घेऊन दारात उभे राहतात आणि आप्पांच्या पोटात गोळा येतो.

अशाच एका मार्चमध्ये एक पाटील लेकीच्या आंदणाची भांडी घ्यायला आले.

"आप्पा, वाटीपासनं पिंपापतोर सगळं काढा. सव्वा लाखाचं होऊ दे."

"पाटील, एक एप्रिलला या. तवा ताजा माल येतोय."

"भांड्यात कसलं ताजं आन् शिळं? लगीन २६ मार्चला हाय!"

"मग शेजारच्या दुकानात बघा की. त्याचाबी माल चांगला असतोय."

पाटलांनी आप्पांच्या तब्येतीची चौकशी केली. निघता निघता आप्पांनीच त्यांना थांबवलं. "जेवणावळीची पातेली, पराती मात्र माझ्याकडनं भाड्यानं न्या. भाडं म्हंजे काय विक्री न्हवं!"

उलाढालीची आप्पांची व्याख्या घरगुती आहे. उधारीवर गेलेला माल ते धरत नाहीत. पैसा आला की उलाढाल. अठराशेचा हंडा देऊन सहाशेची मोड घेतली की चोपडीत बाराशेच चढतात. गारगोटीतलं दुसरं दुकान तर मोजायचं कारणच नाही. तो तालुका वेगळा. कायदा मात्र तालुका बघत नाही, पॅन बघतो. एका पॅनवर देशभरात जे जे विकलं ते सगळं एकत्र, करमाफ मालसुद्धा. उधारीही त्यात आली आणि मोडीचे सहाशेही.

पॅनचं कळल्यावर आप्पांनी नवी वाट काढली. स्टील आप्पांचं, पितळ काकूंचं. दुकान एक, गल्ला एक, बिलबुकं दोन. डब्याबरोबर कुणी समई घेतली की आप्पा एका हातानं स्वतःचं आणि दुसऱ्या हातानं काकूंचं बिल फाडतात. काकूंना कुणीतरी दुकानाबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माझं दुकान? मला अजून त्यातली एक वाटी फुकट मिळाली न्हाई."

निपाणी इथून हाकेच्या अंतरावर, पण कर्नाटकात. करपात्र माल राज्याबाहेर पाठवला तर चाळीस लाखांची सूट संपते, पहिल्या रुपयापासून नंबर लागतो. हे आप्पांना पाठ आहे. त्यामुळे निपाणीचं गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी आप्पांचा टेम्पो तिकडे फिरकत नाही. नवरदेवाच्या मामानं पिंप डोक्यावर घेऊन एसटी पकडलेली पेठेनं पाहिली आहे. २०२५ च्या जुलैत त्याच कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. बातमी वाचली त्याच दुपारी आप्पांनी काउंटरवरचा क्यूआर खरवडून काढला आणि तिथं गणपतीचा फोटो चिकटवला.

शेवटी पोराच्या आग्रहानं एक कर सल्लागार चोपडी बघायला आला. आप्पांनी छाती फुगवून एकोणचाळीस ऐंशीचा आकडा दाखवला. सल्लागाराची नजर मात्र भिंतीवरच्या पाटीवर : 'लग्नकार्यासाठी भांडी भाड्याने मिळतील'.

"आप्पा, ही भांडी कधीपासून भाड्यानं देता?"

"वडलांपासनं."

"मग चाळीस लाखांची मर्यादा तुम्हाला कधी लागूच नव्हती. ती फक्त माल विकणाऱ्याला. भांडी भाड्यानं देणं ही सेवा. सेवा आली की मर्यादा वीस लाख. ती तुम्ही दर वर्षी दसऱ्यालाच ओलांडताय."

आप्पा भाड्याच्या पातेल्यावरच बसले. सल्लागार पुढं सांगत राहिला. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. वेळेत केला असता, तर दुकानातल्या मालावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळाली असती. आता मागचा कर खिशातून, कारण गिऱ्हाइकाकडून तो घेतलेलाच नाही. शिवाय दंड : दहा हजार किंवा बुडालेला कर, यांत जे जास्त असेल ते.

"आणि वेळेत नंबर काढला असता तर किती गेलं असतं?" आप्पांनी बारीक आवाजात विचारलं.

दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला कंपोझिशनची सोय आहे. उलाढालीच्या एक टक्का भरायचा, तोही तिमाहीनं. गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, परराज्यात माल पाठवता येत नाही; पण आप्पा निपाणीला पाठवतच कुठे होते? चाळीस लाखांवर वर्षाला चाळीस हजार. पाटलांसारखी गिऱ्हाइकं शेजाऱ्याला दान करून आप्पा दर मार्चला त्याहून जास्त घालवत होते.

आप्पांनी नंबर काढला. आता दुकानाच्या बोर्डावर २७ नं सुरू होणारा पंधरा अक्षरी नंबर झळकतो आणि आप्पा मार्चमध्येसुद्धा चहा पाजतात. फक्त शेजारचा दुकानदार त्यांच्याशी बोलत नाही.

आप्पा लबाड नव्हते. करचुकवेगिरीला लागते तेवढी हुशारीही त्यांच्यापाशी नव्हती. कराच्या धास्तीनं त्यांनी स्वतःचाच धंदा खुंटवला, इतकंच. तेव्हा तुम्ही काठावर असाल, तर एका पॅनवरची सगळी उलाढाल उधारी-मोडीसकट एकदा मांडा, आणि भाड्यानं काही देत असाल तर मर्यादा वीस लाखच धरा. ती ओलांडली, तर तीस दिवसांत अर्ज करून टाका. अर्जाला सरकारी फी एक रुपयाही नाही.