पाचव्याची गैरहजेरी

"गाडी मिस मारतीया," आबांनी जेवताना जाहीर केलं आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते गप्प बसले. आमच्या घरात कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तरी एवढी शांतता पसरत नाही.

गाडी म्हणजे ट्रक. नाकवाला, जुना 1210. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी घरात आला, त्यामुळं थोरलेपणाचा मान त्याचा. मी धाकटा; शाळेत गणित शिकवतो, म्हणजे आबांच्या हिशेबी रिकामाच असतो. या ट्रकात माझ्या विषयातली एकच गोष्ट, ती म्हणजे इंजिनाचं नाव. 697. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर 97 मिलिमीटर. पिस्टनची चाल 128 मिलिमीटर धरून गुणाकार करा, 5675 घनसेंटिमीटर येतात. 1954 साली जमशेदपुरात टाटांनी डेमलर-बेंझच्या सोबतीनं ट्रक बांधायला घेतले, त्या घराण्यातलं हे इंजिन. नावातच खरं उत्तर लिहून ठेवणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. आमच्या गल्लीतल्या 'शांतिनिवासा'त रोज रात्री भांडी आपटतात.

तर दुखणं असं होतं, की सकाळी गार असताना गाडी शहाण्यासारखी चालायची. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे रवे भरले, मलकापूर मागं टाकलं, इंजिन तापलं, की आंबा घाटाच्या तोंडाशी लंगडायला लागायची. उभी केली की सायलेन्सरातून फस्‌फस्‌ करत पांढरा धूर, आणि केबिनमधला जोतिबा, बाळूमामा आणि क्लीनरचा आरसा असे तिघं एकदम मान हलवायचे.

मी कागदावर मांडून पाहिलं. जागेवर चालू असताना इंजिनाच्या मिनिटाला साधारण 600 फेऱ्या. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरनं एकदा पेटायचं. म्हणजे यातलं एकजण मिनिटाला 300 दांड्या मारत होतं. आमच्या नववी ब मध्येसुद्धा असं रेकॉर्ड कुणाचं नाही.

गाडी बिघडली की निदान करणाऱ्यांना आमंत्रण लागत नाही. मामा एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी फोनवर नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "नोझल." पानपट्टीवाला म्हणाला, "पंप." त्याच्याकडं आयुष्यात सायकलच होती, पण तिचाही पंप खराब असल्यामुळं त्याच्या मताला अनुभवाचा आधार होता. आई म्हणाली, "दिवाळीच्या अवसेला लिंबू-मिरची बदलायची राहिली. तवापासनंच बिघडलीया." आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत जास्त मी हसलो, हे इथं नोंदवून ठेवतो.

शेवटी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. बोअरिंगवाले, लेथवाले, फौंड्रीवाले, असं सगळं इथं हाकेच्या अंतरावर. हृदयापासून गुडघ्यापर्यंत काहीही बदलून मिळतं. आमचे मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी कुणाचंच मत विचारलं नाही, त्यामुळं मामा पहिल्या पाच मिनिटांतच नाराज झाले.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून हजेरी घ्यायला सुरुवात केली. नोझलकडं जाणाऱ्या नळीची नट फडकं गुंडाळून जराशी ढिली करायची, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. ("हात लांब ठेवा सर, ही धार कातडं फोडून आत शिरती.") रेडिएटरकडचा पहिला ढिला केला, इंजिनाचा आवाज पडला, म्हणजे तो कामावर होता. दुसरा, तिसरा, चौथा तसेच. पाचव्याची नट ढिली केली. काही नाही. इंजिनाला पत्ताच नाही.

"पाचवा झोपलाय," मिस्त्री म्हणाले.

"नोझल!" मामा.

मिस्त्रींनी एक शब्द न बोलता पाचव्याचं नोझल दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं पाचव्याला बसवलं. नोझलचा दोष असता तर झोप दुसऱ्याकडं गेली असती. झोप पाचव्याकडंच राहिली. मामा लगेच म्हणाले, "मी म्हणलंच होतं, नोझल नसणार."

मग कॉम्प्रेशन. डिझेल इंजिनात ठिणगी टाकायला प्लग नसतो. आमच्या एका सिलिंडरात एका वेळी 946 घनसेंटिमीटर हवा ओढली जाते, आणि पिस्टन वर गेला की तिला उरते जेमतेम 59 घनसेंटिमीटर जागा, म्हणजे एका कटिंगएवढी. त्या दाबानं हवा 500 अंशांच्या वर तापते आणि त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा कुठून तरी निसटली की ताप नाही, आणि ताप नाही तर डिझेल कच्चंच धूर होऊन जातं.

आदल्या रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या. स्टार्टर मरगळला तर चांगलं सिलिंडरही कमी दाब दाखवतं, आणि गेज बिचारं खोटं ठरतं. गाडी गरम केली, सगळी नोझलं काढली, डिझेल बंद केलं. नोझलच्या भोकात गेज बसवलं. क्लीनरनं स्टार्टर मारला आणि काटा उड्या घेत वर चढला. आबांचं ब्लड प्रेशर तपासताना डॉक्टरांच्या तोंडावर जे भाव असतात, ते आता आबांच्या तोंडावर होते.

दाब उद्यमनगरात किलोत मोजतात. मी वहीत लिहीत गेलो: 24, 23, 24, 23, 13, 23. सवयीनं खाली रेघ मारून सरासरीही काढली, 21.67.

"सरासरी काढू नका सर," मिस्त्री म्हणाले. "सरासरीत पाचवा पास होतोय."

नोकरीला लागल्यापासून माझ्या निकालपत्रकांवर एवढी अचूक टीका कुणी केली नव्हती.

माझं वाचन दाखवावं म्हणून मी सुचवलं, की भोकातून थोडं तेल सोडून पुन्हा मोजू या. दाब वाढला तर रिंगा झिजल्या असं समजायचं. मिस्त्रींनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "पेट्रोलच्या गाडीला ठीक हाय. हितं वर जागा कटिंगएवढी. तिथं तुम्ही तेल वतणार, मग पिस्टननं जायचं कुठं?" शिवाय झिजलेल्या रिंगांचा काटा हळूहळू का होईना, चढत जातो, पाचव्याचा तेरावर बसला तो बसलाच. शेजारचे चौथा आणि सहावा ठणठणीत, म्हणजे मधली गॅस्केट फुटलेली नाही.

त्यांनी पाचव्याचा पिस्टन वर आणला, कॉम्प्रेसरची हवा आत सोडली आणि आम्हाला कामं वाटली. आबा रेडिएटरपाशी, बुडबुडे बघायला. मामा ऑइल भरायच्या तोंडाशी. मला सायलेन्सर मिळाला. मी गुडघे टेकून कान लावला. आत साप असल्यासारखा फुत्कार.

"येतंय!" मी ओरडलो. डॉक्टरेट मिळाल्याचा आनंद झाला होता आणि उजवा कान गालापर्यंत काळा झाला होता.

"एक्झॉस्ट व्हॉल्व्ह," मिस्त्री म्हणाले. आबांनी मनातल्या मनात हेड उतरवायचा खर्च मांडला आणि ते टायरवर बसले.

पण हेडला हात लावण्याआधी मिस्त्रींनी टॅपेट कव्हर उघडलं. एक्झॉस्टच्या टॅपेटला गार इंजिनात 0.30 मिलिमीटर फट लागते. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा वाढतो, त्याला ती जागा. तेवढ्या जाडीची फीलरची पट्टी जाईना. त्याहून पातळ जाईना. सगळ्यांत पातळ पट्टीसुद्धा जाईना. फटच नव्हती, दांडा तापून वाढला की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता.

"ह्यो कुणी आवळला?"

आता सांगतो. लक्ष्मीपूजनाची दुपार होती, सुट्टी होती, आणि गाडी पुजायला दारात उभी होती. टॅपेटची टकटक मला लहानपणापासून खटकायची. पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेतला, सगळ्यांत मोठ्यानं वाजणारा हुडकला आणि टकटक थांबेपर्यंत आवळला. पट्टी वापरली नाही. कानानं केलं. गाडीचा यात काडीचा दोष नव्हता. आणि हो, त्या दिवशी अमावस्या होती.

"वाजणारा टॅपेट बरा," मिस्त्री कुणाकडंच न बघता म्हणाले. "गप झाला की समजायचं, आत काहीतर जळतंय."

इंजिन गार व्हायला संध्याकाळ झाली. फट लावली, गाडी पुन्हा तापवली, पाचव्याला गेज लावलं. 21. "सीट जराशी भाजलीया. पुढं कवातरी हेड उतरलं की लॅपिंग करू. तवर पळवा."

घरी येताना आबा क्लीनरकडं संशयानं बघत होते. क्लीनर माझ्याकडं बघत होता, कारण लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बॅटरी त्यानंच धरली होती. दारात आई माझ्या काळ्या कानाकडं बघून म्हणाली, "म्हणलं नव्हतं, अवसेपासनंच?"

क्लीनरनं अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. दर शनिवारी मी त्याला मिसळ खायला नेतो. परवा त्यानं तिसऱ्यांदा कट मागवला, जादा ब्रेड मागवला, आणि माझ्याकडं बघत टेबलावर चमचा वाजवला. टक, टक, टक.